नोंदवहीबाहेरचे मृत्यू

६ जानेवारी २०२२ रोजी, देशात ओमायक्रॉनची लाट चढू लागली असताना, ‘सायन्स’ या नामांकित अमेरिकी नियतकालिकाने टोरँटो येथील साथरोगतज्ज्ञ डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. भारतात करोनाने नेमकी किती माणसे गेली, एवढाच त्याचा विषय. जून २०२० ते जुलै २०२१ या काळात देशात झालेल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे २९ टक्के करोनामुळे झाले आणि त्यांची संख्या ३१ ते ३४ लाखांच्या दरम्यान, मध्यम अंदाजाने ३२ लाख भरते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यांतले सुमारे २७ लाख मृत्यू एप्रिल ते जुलै २०२१ या चार महिन्यांतले. सप्टेंबर २०२१ पर्यंतचा खरा आकडा अधिकृत आकड्याच्या सहा ते सात पट असावा, असे निबंधकारांचे म्हणणे होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच महिन्यात असे दावे निराधार असल्याचे निवेदन काढले. चार दिवस वाद झाला आणि मग, आपल्याकडे बहुतेक वादांचे होते तसे, तो विरून गेला.

त्या वादात बाजू घेणे तेव्हा सोपे होते, कारण पडताळणीचे साधन कोणाच्याच हाती नव्हते. आता ते काही प्रमाणात आले आहे. म्हणून तो निबंध शांतपणे पुन्हा वाचण्याची ही वेळ आहे.

प्रथम त्याची पद्धत पाहू. साथीत दगावलेल्यांची संख्या काढण्याचे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग निदानाचा. ज्याची चाचणी झाली, चाचणीत आजार आढळला आणि पुढे जो दगावला, तो साथीचा बळी. दुसरा मार्ग तुलनेचा. एरवी अशा काळात साधारण किती माणसे मरतात आणि साथीच्या काळात प्रत्यक्षात किती मेली, यांतील फरक म्हणजे ‘अतिरिक्त मृत्यू’. हा दुसरा मार्ग काही आजचा नाही. १८४७ साली लंडनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञाने याच हिशेबाने तिची तीव्रता मोजली होती. रोगाचे कारण ठाऊक नसतानाही त्याचे बळी मोजता येतात, हे या पद्धतीचे मोठे सामर्थ्य. तिची अट मात्र एकच आहे. एरवीचे मृत्यू नीट नोंदलेले असले पाहिजेत.

भारतात नेमकी तिथेच अडचण आहे. म्हणून झा यांच्या गटाने तीन निरनिराळ्या बाजूंनी एकाच प्रश्नाकडे पाहिले. ‘सीव्होटर’ ही जनमत चाचण्या घेणारी संस्था साथीच्या काळात देशभर दूरध्वनीवरून पाहणी करीत होती. तिच्या १ लाख ३७ हजार २८९ प्रौढ उत्तरदात्यांना घरातील मृत्यूविषयी विचारले गेले होते. ही पहिली बाजू. दुसरी बाजू होती ती सुमारे दोन लाख सरकारी आरोग्य केंद्रे व रुग्णालये यांनी आरोग्य खात्याच्याच माहितीप्रणालीत भरलेल्या मृत्यूंच्या आकड्यांची. तिसरी, दहा राज्यांतील नागरी मृत्यू नोंदणीची. ही नोंदणी केंद्राने जाहीर केलेली नव्हती. पत्रकारांनी राज्याराज्यांतून, कधी माहितीच्या अधिकारात तर कधी अन्य मार्गांनी, ती मिळविली होती. साथीपूर्वीच्या काळाशी तुलना करता आरोग्य केंद्रांतील मृत्यू २७ टक्क्यांनी आणि दहा राज्यांतील नोंदलेले मृत्यू २६ टक्क्यांनी वाढलेले दिसले. दोन्हींतील वाढ मुख्यतः २०२१ मधली. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा दोन सरकारी दप्तरांनी जवळपास एकच उत्तर द्यावे आणि दूरध्वनीवरील पाहणीही त्याच दिशेला बोट दाखवीत असावी, हा या निबंधाचा खरा युक्तिवाद आहे. ३२ लाख हा आकडा त्यापुढे दुय्यम.

टीका झाली ती मुख्यतः दूरध्वनी पाहणीवर, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. दूरध्वनीवर ‘तुमच्या घरात कोणी करोनाने गेले का’ असे विचारले की उत्तर येते ते घरच्यांच्या समजुतीचे. एप्रिल-मे २०२१ मध्ये ज्या घरात ताप आणि धाप यांनी कोणी गेले, त्या घराने ते करोनाच्या खात्यावर टाकले असणार. उलट ज्या घरात वाच्यता नको म्हणून निराळेच कारण सांगितले गेले, तीही घरे थोडी नव्हती. शिवाय अशा पाहणीत जे कुटुंब पूर्ण मोडले त्याच्या वतीने उत्तर द्यायला कोणी उरत नाही. निवडणुकीचे कल सांगणाऱ्या संस्थेकडून मृत्यूंची मोजदाद करून घ्यावी लागते, याबद्दल काहींनी नाक मुरडले. मलाही ते विचित्र वाटले होते. परंतु ज्या देशाकडे स्वतःची उत्तम नमुना नोंदणी यंत्रणा पन्नास वर्षांहून अधिक काळ आहे, तिथे संशोधकांवर ही वेळ का यावी, हा प्रश्न त्या टीकाकारांपैकी फारच थोड्यांनी विचारला.

या यंत्रणेशी झा यांचा संबंध जुना आहे. भारताच्या महानिबंधकांच्या कार्यालयाची ‘नमुना नोंदणी पद्धती’ देशभरातील निवडक गावे आणि शहरी वस्त्या यांतील जन्ममृत्यूंचा सतत मागोवा घेते. या शतकाच्या प्रारंभी महानिबंधकांच्याच सहकार्याने झा यांनी त्या घरांत झालेल्या मृत्यूंची कारणे शोधण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याला ‘मिलियन डेथ स्टडी’, म्हणजे दहा लाख मृत्यूंचा अभ्यास, असे नाव पडले. आपल्याकडे बहुसंख्य मृत्यू घरीच होतात आणि त्यावेळी जवळ डॉक्टर नसतो. तेव्हा प्रशिक्षित कर्मचाऱ्याने घरी जायचे, शेवटच्या आजाराची हकीकत घरच्यांच्याच भाषेत लिहून घ्यायची आणि दोन डॉक्टरांनी ती स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचे कारण ठरवायचे, अशी ही पद्धत. तिला ‘व्हर्बल ऑटॉप्सी’ म्हणतात. एकेका मृत्यूबाबत ती चुकू शकते. लाखो मृत्यूंचा एकत्रित कल ती बऱ्यापैकी दाखवते.

तिने काय दाखविले ते पाहण्याजोगे आहे. २०१० साली ‘लॅन्सेट’मधील निबंधात या गटाने भारतात सत्तरीच्या आत हिवतापाने वर्षाला सुमारे दोन लाख माणसे दगावतात असा अंदाज मांडला. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा आकडा होता १५ हजार. तापाच्या हकीकतीवरून हिवताप ओळखता येत नाही, असा आक्षेप संघटनेने घेतला आणि तो वाद पूर्णपणे मिटलाच नाही. २०११ साली सर्पदंशाचा निबंध आला. वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यू, म्हणजे शासकीय रुग्णालयांच्या नोंदींपेक्षा तिसाहून अधिक पट. ज्यांनी ग्रामीण जिल्ह्यांत काम केले आहे त्यांना याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. साप चावलेला माणूस आधी मांत्रिकाकडे जातो, मग वाटेत जातो. रुग्णालयाच्या नोंदवहीपर्यंत पोहोचतच नाही. पुढे सर्पदंश हा जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत आला आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. आकडा आधी आला, धोरण मागाहून.

याच गटाने आकडे नेहमी फुगवलेच, असे म्हणणाऱ्यांनी २०१० सालचा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एचआयव्हीवरील निबंध जरूर पाहावा. सुमारे ११ लाख घरांच्या पाहणीतून त्यांनी काढलेला एचआयव्ही मृत्यूंचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी होता. तो आकडा देशाला सोयीचा होता. त्यावेळी पद्धतीवर कोणी शंका घेतल्याचे मला तरी स्मरत नाही.

आता थोडे मागे, शंभर वर्षांपलीकडे जाऊ. करोनाच्या या वादात जे घडले त्याची जवळजवळ रंगीत तालीम आपल्याकडे आधी होऊन गेली आहे.

१९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरपासून दुसरी आली ती भीषण होती आणि मुंबई इलाखा, मध्य प्रांत व वऱ्हाड या मुलखांना तिने सर्वाधिक झोडपले. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महागले होते. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर मेजर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ साली या साथीवर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच ‘प्राथमिक’ असा शब्द आहे. व्हाइट यांना रोगाचा विषाणू ठाऊक नव्हता, कोणालाच नव्हता. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ साली. तोवर जगभरचे संशोधक एका जिवाणूच्या मागे लागलेले होते. परंतु मृत्यू मोजायला विषाणू लागत नाही. नोंदवहीतील आकड्यांतून नेहमीचे मृत्यू वजा करून व्हाइट यांनी साथीचे बळी सुमारे ६० लाख ठरविले. सरकारी अधिकाऱ्याने सरकारच्याच छापखान्यातून, साथ पुरती ओसरण्यापूर्वी, इतका मोठा आकडा जाहीर करणे ही लहानसहान गोष्ट नव्हती.

तरी तो फार कमी होता. दोन वर्षांनी, मार्च १९२१ मध्ये, जनगणना झाली. जनगणना आयुक्त जे. टी. मार्टेन यांच्या अहवालात या साथीच्या बळींची संख्या १ कोटी २० ते ३० लाखांच्या घरात दिली आहे. फरक कुठून आला, तेही तो अहवाल सांगतो. मृत्यूची नोंद करायची ती गावच्या चौकीदाराने किंवा पाटलाने. चौकीदारच अंथरुणाला खिळला, पाटलाच्याच घरात दोन मढी पडली, तर नोंद करणार कोण? ज्या मुलखात मृत्यू सर्वांत अधिक, त्याच मुलखात नोंदणी कोसळलेली होती. साथ जितकी तीव्र तितकी नोंदवही कोरी. साथीच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आणि तो विसरण्याचा आपल्याला छंदच आहे.

पुढच्या संशोधकांनी हा आकडा आणखी तपासला. किंग्सले डेव्हिस या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९५१ साली तो दोन कोटींच्या जवळ नेला. आय. डी. मिल्स यांनी १९८६ साली १ कोटी ७० ते ८० लाख असा हिशेब मांडला. २०१२ साली सिद्धार्थ चंद्रा आणि सहकाऱ्यांनी तो १ कोटी ३९ लाखांच्या आसपास आणला. म्हणजे शंभर वर्षे झाली तरी एकमत नाही. पण ६० लाखांकडे परत जायला कोणीही तयार नाही. हे सारे संशोधन शक्य झाले ते १९२१ ची जनगणना वेळेवर झाली म्हणून. महायुद्ध, दुष्काळ, साथ आणि असहकाराचे आंदोलन असूनही ती पुढे ढकलली गेली नव्हती. आजच्या भारताच्या भूभागाचा विचार केला तर १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या २५ कोटी २१ लाखांवरून २५ कोटी १३ लाखांवर आली. आपल्या जनगणनेच्या इतिहासातले हे एकमेव दशक, ज्यात माणसे कमी झाली. परकीय राजवटीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू मुळीच नाही. त्या राजवटीने साथीत लोकांना जवळजवळ वाऱ्यावर सोडले होते. परंतु आपल्याच पहिल्या आकड्याला आपल्याच दुसऱ्या दप्तराने खोटे ठरवू देण्याची तिची रीत मात्र ध्यानात ठेवावी अशी आहे.

आता २०२२ कडे परत येऊ. ५ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांतील भारतातील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख असा जाहीर केला. अधिकृत आकडा होता ४ लाख ८१ हजार. त्याआधी दोनच दिवस, ३ मे रोजी, महानिबंधकांच्या कार्यालयाने २०२० चा नागरी नोंदणी अहवाल प्रसिद्ध केला. २०१९ मध्ये ७६ लाख ४० हजार मृत्यू नोंदले गेले होते, २०२० मध्ये ८१ लाख २० हजार. वाढ पावणेपाच लाखांची, आणि तीही सगळी करोनाची नव्हे, कारण नोंदणीच सुधारत चालली होती. २०१८ ते २०१९ या साथपूर्व वर्षात नोंदलेले मृत्यू जवळपास सात लाखांनी वाढलेले होते. सरकारचा हा मुद्दा बिनतोड होता आणि आहे. नोंदणीतील वाढ म्हणजे मृत्यूंमधील वाढ नव्हे.

पण तो मुद्दा २०२० चा होता. झा यांच्या निबंधाचा सारा भर २०२१ च्या उन्हाळ्यावर होता. २०२१ चा नोंदणी अहवाल मात्र, ज्या तत्परतेने आधीचा आला तिच्या जवळपासही न फिरकता, तीन वर्षे पडून राहिला. तो मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२१ मध्ये देशात १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २१ लाखांनी, म्हणजे २६ टक्क्यांनी अधिक. २०१९ शी तुलना केली तर सुमारे २६ लाखांनी अधिक. त्या वर्षातील करोनाचे अधिकृत मृत्यू ३ लाख ३० हजारांच्या आसपास. नमुना नोंदणीचा २०२१ चा अहवालही त्याच सुमारास बाहेर आला.

या आकड्यांनी झा यांचा निबंध अक्षरशः सिद्ध झाला, असे म्हणणे घाईचे होईल. नोंदणी वाढल्याचा काही वाटा या २१ लाखांत असणारच. लोकसंख्या वाढल्याचा थोडा वाटाही. खाटा न मिळाल्याने हृदयविकाराने गेलेले, डायलिसिस चुकल्याने गेलेले असे कितीतरी जण यात आहेत, ज्यांना करोना झालाच नव्हता. दुसऱ्या बाजूने, जे नोंदलेच गेले नाहीत ते या अहवालात नाहीतच. बिहारसारख्या राज्यात साथीपूर्वी निम्म्याच्या आसपासच मृत्यू नोंदले जात. या वजाबाक्या-बेरजा कशाही केल्या तरी निबंधाचे मुख्य प्रतिपादन, की २०२१ मधील मृत्यूंचा डोंगर अधिकृत आकड्याच्या कैक पट होता, ते सरकारच्या स्वतःच्या दप्तराने उचलून धरले आहे. तीन वर्षांपूर्वी ‘निराधार’ म्हटलेल्या गोष्टीचा आधार महानिबंधकांच्याच कार्यालयात होता.

मृत्यू लपवले गेले का, असे अनेकदा विचारले जाते. काही ठिकाणी तसे घडलेही असेल. परंतु प्रशासनाच्या आतून पाहिलेल्या माणसाला याचे उत्तर अधिक रुक्ष दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बंगळूरु येथील केंद्राने २०२० मध्येच करोना मृत्यूंच्या नोंदीचे मार्गदर्शन काढले होते आणि त्यात चाचणी न झालेल्या पण लक्षणांवरून संशयित असलेल्या मृत्यूंचीही तरतूद होती. कागद उत्तम होता. जिल्ह्यातून रोज संध्याकाळी वर जाणारा आकडा मात्र वेगळाच असे. त्यात फक्त चाचणीत बाधित ठरलेला, बहुधा रुग्णालयात गेलेला आणि समितीने मान्य केलेला मृत्यू बसे. हा रोजचा आकडा कामचलाऊ होता, वाऱ्याची दिशा कळावी एवढ्यासाठी. दूरचित्रवाणीवर तो रोज झळकू लागला आणि तोच देशाचा अंतिम आकडा होऊन बसला. एकदा आकड्याला प्रतिष्ठा चिकटली की तो दुरुस्त करणे म्हणजे माघार घेणे, अशी समजूत होते. बिहारने उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे फेरतपासणी केली तेव्हा ९ जून २०२१ या एका दिवसात राज्याचा आकडा ५,४५८ वरून ९,४२९ वर गेला आणि राज्याची देशभर नाचक्की झाली. केरळने मागे राहिलेले मृत्यू महिनोन् महिने जोडत नेले, तर आकडे वाढताना पाहून त्या राज्याला साथ आवरत नाही असा शिक्का बसला. दुरुस्ती करणाऱ्याला शिक्षा आणि न करणाऱ्याला शांतता, असा हा व्यवहार होता. अशा व्यवहारात कोणत्या जिल्हाधिकाऱ्याने उत्साहाने फेरतपासणी करावी?

आकड्याचा हा वाद वातानुकूलित दालनांतला नाही, हे सर्वोच्च न्यायालयात उघड झाले. ३० जून २०२१ रोजी न्यायालयाने करोनाने मृत झालेल्यांच्या वारसांना सानुग्रह साहाय्य देण्याबाबत आदेश दिला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ते ५० हजार रुपये ठरविले. चाचणीनंतर तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू, मग तो घरी का होईना, करोनाचा धरावा असेही ठरले. व्याख्या बदलली तशी दप्तरे बोलू लागली. जानेवारी २०२२ पर्यंत गुजरातने सुमारे ६८ हजार दावे मंजूर केले होते. त्या राज्याचा अधिकृत आकडा १० हजारांच्या आसपास होता. महाराष्ट्राचा अधिकृत आकडा १ लाख ४१ हजार असताना अर्ज दोन लाखांहून अधिक आले. काही अर्ज दुबार होते आणि काही बनावटही. म्हणून तर न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांतील पाच टक्के दाव्यांच्या छाननीस मुभा दिली. मात्र गुजरातचे दावे राज्य शासनानेच मंजूर केले होते, हे विसरून चालणार नाही. एकच शासन एका खिडकीतून ६८ हजार जणांच्या वारसांना पैसे देते आणि दुसऱ्या खिडकीवर १० हजारांचाच फलक ठेवते, हे चित्र मला कोणत्याही शोधनिबंधापेक्षा बोलके वाटते.

आणि ज्यांनी अर्जच केला नाही त्यांचे काय? आपल्याकडे मृत्यूची नोंद होते ती दाखल्याची गरज पडते म्हणून. सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात, निवृत्तिवेतन सुरू करायचे असते, विम्याची रक्कम घ्यायची असते. ज्याच्या नावावर जमीन नाही, पगार नाही, विमा नाही त्याच्या मृत्यूचा दाखला कोणाला हवा असतो? यात सर्वांत मागे राहतात त्या स्त्रिया. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंत पुरुष ६० टक्के आणि स्त्रिया ४० टक्के होत्या. स्त्रिया इतक्या कमी मरत नाहीत. त्यांच्या मरणाची नोंद तितकी कमी होते. १९१८ च्या साथीत हिंदुस्थानात तरुण स्त्रिया पुरुषांहून अधिक प्रमाणात दगावल्या, असे मिल्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखविले आहे. आजारी घराची शुश्रूषा त्यांच्याकडे आणि खाण्याची पाळी शेवटची. २०२१ मध्ये तसे घडले का, हे केवळ नोंदवहीवरून सांगता येणार नाही.

मृत्यूच्या कारणाची स्थिती तर याहून बिकट. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्के मृत्यूंनाच वैद्यकीय कारणाचा दाखला होता. उरलेल्यांत वृद्धापकाळ, ताप, ‘आजारपण’ असे शब्द असतात, किंवा रकाना रिकामा असतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा. त्यात २०२३ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. सर्व वैद्यकीय संस्थांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकास द्यावे व त्याची प्रत जवळच्या नातलगास मिळावी, असे तीत आहे. तरतूद स्वागतार्ह आहे. पण ती रुग्णालयात होणाऱ्या मृत्यूंची. घरी होणाऱ्या मृत्यूंसाठी आजही झा यांची ती जुनी, घरोघर जाऊन हकीकत लिहून घेण्याची पद्धत हाच एक मार्ग आहे. महानिबंधकांच्या यंत्रणेत ती नियमितपणे चालविणे, तिचे निष्कर्ष वर्षाच्या आत जाहीर करणे आणि नमुना घरांतील माहिती नावे वगळून संशोधकांना खुली करणे, एवढे झाले तरी पुढच्या साथीत जनमत चाचणी संस्थेच्या दारात जावे लागणार नाही. नागरी नोंदणीचे मासिक आकडे जिल्हावार जाहीर करायला तर नव्या कायद्याचीही गरज नाही. ते आज संगणकावर आहेतच.

राहता राहिली जनगणना. २०२१ ची जनगणना साथीमुळे पुढे गेली, ते समजण्यासारखे होते. साथ सरल्यावरही ती पुढे जात राहिली. जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार आता तिचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. १९२१ मध्ये साथ आणि गणना यांच्यात अडीच वर्षांचे अंतर होते. आता ते जवळपास सहा वर्षांचे असेल. मधल्या काळातील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांच्या गर्दीतून २०२१ च्या उन्हाळ्याचा खड्डा नुसत्या वजाबाकीने दिसेल, ही आशा फोल आहे. तो पाहायचा तर थेट विचारावे लागेल. १ जानेवारी २०२० पासून या घरात कोणाचा मृत्यू झाला का, झाला असल्यास स्त्री की पुरुष, वय किती, महिना कोणता. जनगणनेत असा साधा प्रश्न घालावा ही सूचना झा यांच्यासह अनेक अभ्यासकांनी पूर्वीच केली आहे. कारण विचारण्याची गरज नाही. महिना कळला की पुरे. एप्रिल आणि मे २०२१ हे महिने कोणत्याही गावात, कोणत्याही चाळीत लोकांच्या स्मरणातून गेलेले नाहीत.

प्रगणकाला अडचण पडेल ती वेगळीच. त्या उन्हाळ्यात कर्ता पुरुष किंवा घरची बाई गेल्यावर कित्येक घरे विस्कटली, मुले आजोळी गेली, विधवा माहेरी परतल्या, म्हातारे दुसऱ्या मुलाकडे दुसऱ्या शहरात गेले. त्या मृत्यूंविषयी प्रश्न विचारायचा तो कोणत्या दारात, आणि उत्तर कोणत्या घराच्या नावे लिहायचे, हे प्रगणकांच्या सूचनापुस्तिकेत गणनेपूर्वी स्पष्ट लिहावे लागेल.